विनोदी लेख ऐकवायचा तर तो पुन्हा लिहावा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडोदऱ्यात मराठी कार्यक्रम वर्षभर होतात, पण भरणा गाण्यांचा आणि काव्यवाचनाचा. घरातला, नोकरीतला, प्रवासातला प्रसंग हसतखेळत सांगणारा लेख ऐकायला मिळणे दुर्मीळ. पाली भाषा शिकवणाऱ्या विनोदी लेखक चिं. वि. जोशींचे हे गाव; त्यांचा चिमणराव आपली फजिती स्वतःच्याच तोंडाने सांगतो. बडोदे संस्थानाचे स्वतःचे रेडिओ केंद्रही होते. लिहिणे आणि ऐकवणे या दोन्ही गोष्टींचा वारसा असताना एवढी उणीव का राहावी?

मुख्य अडचण अशी की छापील लेख जसाच्या तसा माईकसमोर वाचला जातो. वाचकाचा डोळा दोन ओळी मागे जाऊ शकतो, श्रोत्याचा कान जाऊ शकत नाही. म्हणून कंसातला मजकूर आणि ‘वर म्हटल्याप्रमाणे’ आधी काढून टाकावे. पात्रे तीनपेक्षा जास्त नकोत. संवादात ‘मामा म्हणाले’ हे वाक्याच्या आधी यावे. नंतर आले तर तोवर श्रोता चुकीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बसतो. लांबीही आधीच ठरवावी. सावकाश वाचनात मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना ५५० ते ६००. बाराशे शब्दांचा लेख घाईने वाचून दहा मिनिटांच्या आत बसवला की पहिला बळी विनोदाचा जातो.

विनोद फसण्याचे सर्वांत मोठे कारण वाक्यरचनेत असते. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे हसवणारा शब्द आधीच येऊन जातो आणि उरलेले शेपूट हशावर पडते. ‘पिशवीतून शेजाऱ्यांचे मांजर बाहेर आले होते’ हे कागदावर चालते. ऐकवताना ‘पिशवीतून निघाले काय, तर शेजाऱ्यांचे मांजर’ असे फिरवावे. ‘तर’नंतर क्षणभर थांबावे, फार नाही, लांबलेल्या विरामात श्रोता मांजर ओळखून मोकळा होतो. वाचणाऱ्याने आधी हसू नये, आणि मागून ध्वनिमुद्रित हशा तर मुळीच जोडू नये.

भाषा मात्र घासूनपुसून घेऊ नये, ही कळकळीची विनंती. रावपुऱ्यातला दुकानदार ‘बेन, छुट्टा आपो’ म्हणाला असेल, तर त्याला पुणेरी मराठी बोलायला लावू नका. आपल्या बोलण्यातली गुजराती हीच या कथनांची खरी चव आहे. फजिती सांगणाऱ्याची स्वतःची असावी. शेजारी, नातलग यांची नावे व खुणा बदलाव्यात.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओच हवा असे नाही, साधा मोबाइल पुरतो. फरशी आणि उघड्या भिंतींची खोली घुमते. गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली घ्यावी. पंखा आणि फ्रिज बंद, फोन एअरप्लेन मोडवर. माईक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, कारण थेट समोर धरला की प, फ, भ यांचा वारा त्यावर आदळतो. कागद एका बाजूने छापलेले, मोठ्या अक्षरांचे आणि टाचणी न लावलेले असावेत; प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपावे. सुरुवातीला अर्धा मिनिट न बोलता खोलीचा नुसता आवाज मुद्रित करावा, पुढे जोडकामात तो लागतो. चुकलात तर थांबून वाक्य पहिल्यापासून वाचावे. मधूनच धरलेले वाक्य जोडताना हमखास कळते.

स्थानिक संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा कथनाला द्यावी, आकाशवाणीने त्यातली निवडक कथने घ्यावीत आणि आपल्या रविवार पुरवणीत ६०० शब्दांचे एक सदर सुरू व्हावे. सुरुवातीला मोठे सभागृह घेऊ नये. पंचवीस माणसे तीनशे खुर्च्यांत विखुरली की एकाचे हसू दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तीच माणसे लहान खोलीत खेटून बसवावीत.

आपला,
एक श्रोता, दांडिया बाजार, वडोदरा