लँकेस्टरच्या शेजाऱ्यांबद्दल सरोजला

प्रिय सरोज,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटीवर अर्धाच ऐकता आला, घरी येऊन पूर्ण ऐकला. तुमच्या तरुण संघात हे एवढं पेटलंय याची मला कल्पना नव्हती. गल्लीतल्या गणपती मंडळात आपल्या मुलांनी उभं राहायचं का, गरब्याला जायचं का, शेजारच्या काकू प्रसाद घेऊन दारात आल्या तर काय करायचं, आणि त्यात कोणीतरी यूट्यूबवर बघून म्हणालं की अमेरिकेतले ते मेनोनाईट पंथाचे ख्रिस्ती लोक कसे जगापासून अलग राहतात तसं आपणही राहावं, तर दुसऱ्याने विचारलं की मग शुभवर्तमान सांगायचं कोणाला, भिंतीला का. तू म्हणालीस तुझ्या तर तिकडे पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरला, शेजारीच राहतात, तूच सांग. सांगते, पण लांबण लागणार आहे.

आधी हे कोण ते सांगते, कारण तिकडे सगळ्यांना सरसकट आमिशच म्हणतात. आमिश वेगळे, ते 1693 मध्ये याकोब आमानच्या मागे यांच्यातूनच फुटून निघाले. मेनोनाईटांमध्येही घोडागाडीवाले ओल्ड ऑर्डर आहेत आणि दुसऱ्या टोकाला अगदी आपल्या शहरातल्या चर्चसारखे झालेलेही आहेत, जीन्स, टीव्ही, गिटार सगळं. मी बोलतेय ते मधले, कॉन्झर्व्हेटिव्ह. गाडी चालवतात, फोन वापरतात, उपासना इंग्लिशमध्ये, पण घरात टीव्ही नाही, इंटरनेट असलंच तर फिल्टर लावून कामापुरतं. बायकांचा लांब साधा ड्रेस, केस वर बांधून त्यावर पांढरी टोपी (1 करिंथ 11 वा अध्याय, तुला माहितीच आहे), दागिना नाही, लग्नाची अंगठीसुद्धा नाही. पुरुष सैन्यात जात नाहीत, कोणावर कोर्टात केस करत नाहीत, शपथ घेत नाहीत, बरेच जण मतही देत नाहीत. उपासनेत पेटी नाही पियानो नाही, सगळी मंडळी नुसत्या गळ्याने चार आवाजांत गाते, आणि तो आवाज लाकडी बाकांमधून जो काय उठतो ना, तू इथे पाहिजे होतीस.

पाळक सेमिनरीतून येत नाही. मंडळी नावं सुचवते, जितके उमेदवार तितकी पुस्तकं टेबलावर मांडतात, एकात चिठ्ठी असते, ज्याच्या हातात ती येईल तो आयुष्यभर पाळक, पगार नाही. म्हणजे कालपर्यंत गाईंची धार काढणारा माणूस आजपासून उपदेश करणार आणि धारही काढत राहणार. मला हे फार आवडतं, कारण वचन सांगणं हे तिथे कोणाची नोकरी नाही.

आता तुझा प्रश्न. हा वाद त्यांच्यात नवा नाही गं, जन्मापासूनचा आहे. 21 जानेवारी 1525 ला झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ वगैरे तरुणांनी एकमेकांना मोठेपणी बाप्तिस्मा दिला आणि सरकारी चर्चशी नातं तोडलं. मान्झला जानेवारी 1527 मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. पुढच्याच महिन्यात श्लाइटहाइम गावात मायकल सॅटलर आणि सोबत्यांनी सात कलमं ठरवली, त्यातलं चौथं कलम जगापासून वेगळं होण्याचं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गला याच चळवळीतले दुसऱ्या गटांचे पुढारी जमले आणि कोणी कुठल्या भागात प्रचाराला जायचं ते ठरवून माणसं धाडली, त्यातले इतके जण नंतर मारले गेले की त्या सभेला रक्तसाक्ष्यांची सभाच म्हणतात. बघ, एकाच वर्षात वेगळं व्हा हेही आणि जा सांगा हेही. त्या लोकांना यात काही विसंगती वाटली नसणार, कारण वेगळे झाले म्हणून तर सांगण्यासारखं काही त्यांच्यापाशी होतं.

मग गप्प कधी झाले? मला जे पटलंय ते असं की गप्प बसणं ही जगू देण्याची किंमत होती. लँकेस्टरवाल्यांचे पूर्वज स्वित्झर्लंडमधून हाकलले गेले, जर्मनीतल्या पॅलटिनेट भागात 1664 मध्ये राहायची परवानगी मिळाली ती दुसऱ्याला आपल्यात ओढायचं नाही या अटीवर. दुसरी शाखा पुढे रशियात गेली, तिथेही कॅथरीन राणीच्या 1763 च्या जाहीरनाम्यात जमीन घ्या, धर्म पाळा, पण इथल्या ख्रिस्ती लोकांना फिरवायचं नाही असंच होतं. शांत राहिलो तर शेती करू देतात हे बापाने शिकलं, मुलाने पाळलं, आणि नातवाला वाटायला लागलं की शांत राहणं हेच वचनात लिहिलंय. 1683 पासून पेनसिल्व्हेनियात यायला लागले तेव्हा अडवणारं कोणी नव्हतं तरी तोंड उघडलं नाही, त्यात भाषा जर्मन, त्यामुळे शेजारी आत येऊन बसला तरी त्याला कळणार काय.

तोंड उघडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. 1893 मध्ये शिकागोला शहरातलं मिशन, आणि मग आपल्याकडचा दुष्काळ. 1897 मध्ये जॉर्ज लॅम्बर्ट नावाचा त्यांचा माणूस मदतीचं धान्य वाटायला हिंदुस्थानात आला आणि त्याने जे पाहिलं त्यातून 1899 मध्ये धमतरीचं मिशन उभं राहिलं. धमतरी म्हणजे आताचं छत्तीसगड, पण तेव्हा मध्य प्रांत, राजधानी आपलं नागपूर. दुष्काळात अनाथ झालेली पोरं गोळा केली, त्यांचीच पुढे मंडळी झाली, दवाखाना तर अजून चालू आहे.

पण पुढचं ऐक, कारण इथल्या लोकांची भीती यातूनच आली आहे. ज्या मंडळ्या मिशनमध्ये पुढे होत्या त्यांचीच साधी राहणी हळूहळू सुटत गेली. आधी कोट बदलला, मग टोपी लहान झाली, मग गेलीच, घरात टीव्ही आला. 1968-69 मध्ये लँकेस्टर कॉन्फरन्समधून, म्हणजे इथल्या मेनोनाईट मंडळ्यांच्या संघातून, काही मंडळ्या याच कारणाने बाहेर पडल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ते दिवस आठवतात, त्या म्हणतात आम्ही जगाला बोलवायला गेलो आणि जगच आम्हाला घेऊन गेलं. हे त्या कडवटपणे नाही म्हणत, डोळे भरून येतात त्यांचे, कारण त्यांच्या सख्ख्या बहिणी पलीकडच्या मंडळीत गेल्या. म्हणून मी या भीतीला संकुचितपणा म्हणायला तयार नाही. तुमच्या तरुण संघातल्या त्या मुलालाही पटकन जुनाट म्हणू नका एवढं माझ्याकडून सांग.

आणि ही माणसं घरात बसून आहेत असंही नाही. ग्वाटेमाला, बेलीझ, केनिया, घाना, सगळीकडे त्यांची तरुण जोडपी दोन-दोन वर्षं जाऊन राहतात. ऑक्टोबर 2021 मध्ये हैतीत 17 मिशनऱ्यांना एका टोळीने पळवलं ते तू बातम्यांत पाहिलं असशील, ते यांचेच, ओहायोच्या ख्रिश्चन एड मिनिस्ट्रीजचे, अनाथाश्रमाला भेट देऊन परतत होते, त्यात लहान मुलंसुद्धा होती. टोळीने प्रत्येकामागे दहा लाख डॉलर मागितले होते. डिसेंबरपर्यंत सगळे सुटले, शेवटचे 12 जण रात्री चालत निघून आले. इथे त्या दिवसांत घराघरात प्रार्थना चालायची, आणि टोळीवाल्यांसाठीही चालायची, मी स्वतः बसले आहे त्या प्रार्थनेत.

मग अडतं कुठे? हैतीला जाणं जमतं आणि रेडिंग शहरातल्या माणसाला आपल्यात घेणं जमत नाही, तिथे अडतं.

रेडिंग इथून जवळच आहे, गरीब वस्ती पुष्कळ, अर्ध्याहून जास्त लोक स्पॅनिश बोलणारे. उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी यांची तरुण पोरं-पोरी तिथल्या एका चौकात उभं राहून गातात आणि पत्रकं वाटतात. मला एकदा शेजारणीने नेलं होतं. गाणं ऐकून एक माणूस थांबला, हातात किराण्याची पिशवी, तो दोन गाणी पूर्ण उभा राहिला आणि मग पत्रक देणाऱ्या मुलाला म्हणाला तुमचं चर्च कुठे आहे, बस येते का तिथे? मुलगा गोंधळला. बस येत नाही. चर्च मक्याच्या शेतांमध्ये, गाडीशिवाय पोचायची सोयच नाही, आणि ते बांधताना गाडी नसलेला माणूस यायचाय असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात मागून एक सुतारकाम करणारे काका पुढे आले, म्हणाले मी येईन घ्यायला, पत्ता सांग. आणि खरंच ते दर रविवारी जात राहिले, बर्फातसुद्धा, त्या माणसाला आणायचे, जेवायला घरी न्यायचे, संध्याकाळी सोडायचे. काकांच्या अंगावर तोच बिनकॉलरचा काळा कोट, घरात टीव्ही नाही, नियम एकही मोडला नाही त्यांनी. त्यांना वेगळेपणाची अडचण झाली नाही. वेळ मात्र द्यावा लागला, रविवारची झोप द्यावी लागली, आणि आपल्या नातवंडांच्या टेबलावर परक्याला बसवावं लागलं.

दुसरं मी जवळून पाहिलं ते माझ्या एका सोबत काम करणाऱ्या बाईचं. ती बाहेरची, घटस्फोटित आईच्या घरात वाढलेली, प्रभूला शोधत इथे आली. सुरुवातीला दर रविवारी कोणी ना कोणी तिला घरी जेवायला न्यायचं, पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत हे लोक. तिने ड्रेस शिवून घेतले, टोपी घेतली, शिक्षण घेऊन बाप्तिस्मा घेतला, सभासद झाली. आणि मग जेवणाची बोलावणी कमी झाली. कोणी मुद्दाम केलं नाही गं. ती आता पाहुणी राहिली नव्हती म्हणून पाहुण्यांच्या यादीतून गेली, आणि नातेवाईकही नव्हती, रविवारी दुपारी जो तो आजी-आजोबांकडे जातो तिथे तिला आजी-आजोबा कुठून असणार. बायका बोलायला बसल्या की तू कोणाची, तुझी आई कुठल्या घरातली, मग तुझी आत्या म्हणजे माझ्या जावेची मैत्रीण, असं चालू होतं, आणि ही हसून गप्प. दोनेक हिवाळे काढले तिने. आता दुसरीकडे जाते, टोपी मात्र घालते अजून, ती तिला मनापासून पटलेली आहे.

म्हणजे बघ, लोक म्हणतात कपड्यामुळे, नियमामुळे बाहेरचा माणूस टिकत नाही. माझं मत तसं नाही. त्या बाईने सगळे नियम आनंदाने घेतले. तिला घेता आलं नाही ते आडनाव. चारशे-पाचशे वर्षं आपापसांत लग्नं करून मंडळीचं भाऊबंदकीत रूपांतर झालंय, आणि जगापासून वेगळं राहण्याच्या नावाखाली परक्यापासून वेगळं राहणं आत शिरलंय, त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. योहान 17 मध्ये प्रभू बापाला म्हणतो की यांना जगातून काढून घे असं मी म्हणत नाही, वाइटापासून राख, आणि लगेच पुढे म्हणतो मी यांना जगात पाठवलंय. शेजारी वाइटात मोडत नाही ना.

आणि हे मला पटकन दिसलं कारण आपण नगरचे. मिशन कंपाउंडात वाढलेल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने वाळीत टाकलं म्हणून ते कंपाउंडात आले, त्यांचा नाइलाज होता. पण पुढच्या पिढ्यांना तिथे बरं वाटायला लागलं, शाळा तिथेच, दवाखाना तिथेच, सोयरीक तिथेच, आणि भिंतीपलीकडच्या मराठी माणसाला आपण कोण हे कधी कळलंच नाही. नारायण वामन टिळकांना हेच खुपलं म्हणून त्यांनी 1917 मध्ये मिशन सोडून साताऱ्यात देवाचा दरबार काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला दोघेही बसतील. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार चालला नाही. पण नगरला आपल्या मंडळीत त्यावर आजवर नीट चर्चा झालेली मी तरी ऐकली नाही, तुमच्या तरुण संघात ती आधी करा असं मला वाटतं.

गणपती मंडळाचं विचारशील तर माझं स्पष्ट आहे, आरतीला उभं राहू नये, मुलांना त्याचं कारण नीट समजावून सांगावं, लाजत-लपत नको. पण मंडपाच्या पोरांना रात्री चहा द्यायला काय हरकत आहे? विसर्जनाला रस्त्यावर पाणी वाटायला? काकू प्रसाद घेऊन आल्या तर हात जोडून सांग की हे मी घेत नाही काकू पण तुम्ही बसा ना, आणि खरंच बसवून घे, तासभर. नाताळात करंज्या पाठवून त्यांचं देणं फेडलं असं समजण्यापेक्षा ते बरं. आणि तुमच्या मंडळीत नवीन आलेली ती दोन कुटुंबं, ज्यांचं तू मागे म्हणाली होतीस, त्यांना सहा महिन्यांनी कोण जेवायला बोलावतंय ते पण बघ.

मीटिंग कधी आहे ते कळव. त्या दिवशी माझी रात्रपाळी नसेल तर व्हिडिओवर येते, मुलांना प्रश्न विचारू दे थेट. मामींच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही, ऑपरेशनची तारीख मिळाली का? पोरांना पापा.

तुझी,
वत्सला