अर्क काढला, पण चाचणीचे काय?

वनस्पतींतील आरोग्यदायी घटकांवर अनेक संस्थांनी एकत्र संशोधन करावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना रास्त आहे. मात्र या एकत्र येण्यात रसायनशास्त्रज्ञांच्या जोडीला वैद्यकीय चाचण्या घेणारे आणि संख्याशास्त्रज्ञही पहिल्या दिवसापासून हवेत.

बीटा कॅरोटीन या गाजरासारख्या भाज्या-फळांतील रंगद्रव्याचे उदाहरण बोलके आहे. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, तेव्हा त्यांतील हा घटक गोळीतून द्यावा, हा तर्क कुणालाही पटावा असाच होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याची चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला! चाचणीच झाली नसती तर ती गोळी आजही धूम्रपान करणाऱ्यांना बिनदिक्कत सुचवली गेली असती.

पण म्हणून परंपरेतले ज्ञान टाकाऊ ठरत नाही. मलेरियावरील आर्टेमिसिनिन या वनस्पतिजन्य औषधाचा धागा जुन्या चिनी ग्रंथातच मिळाला. उष्णतेने वनस्पतीचा गुण जात असावा, हे ताडून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला, आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मगच रुग्णांना दिला.

संयुक्त प्रकल्पांना निधी देताना चाचणीचा आराखडा आधी मागावा आणि अपयशी निष्कर्षही प्रसिद्ध करण्याची अट घालावी. लेखात याचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक