गरोदरपणातील प्रतिकारशक्ती: ‘कमी’ की बदललेली?

महोदय,

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते, हे वाक्य आरोग्यविषयक लेखांतून इतक्या सहजपणे छापले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ‘कमी’ऐवजी ‘बदललेली’ म्हणावे, एवढ्यासाठी हे पत्र. गर्भाचा निम्मा जनुकीय वारसा पित्याकडून आलेला, म्हणजे आईच्या शरीराला परका असल्याने तिच्या काही संरक्षक पेशी आवरते घेतात, हे खरे. पण त्याच वेळी रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात. त्यामुळे गरोदर स्त्रीच्या रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींच्या 13 हजार या आकड्यासमोर छापलेला ‘जास्त’ हा शेरा, अन्य लक्षणे नसतील तर, बहुधा निरुपद्रवी असतो. गर्भाशयमुखाशी जंतूंना अडवणारे घट्ट श्लेष्म्याचे बूचही बसते.

खरी फट वेगळीकडे आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, त्यातच वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजवीवर, दाब आणते. लघवी तुंबते आणि जिवाणूंना मूत्रपिंडापर्यंत वाट मिळते. जळजळ नसतानाही लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यात जिवाणू वाढतात का ही तपासणी, सांगतात ते म्हणूनच, आणि ‘मला काही त्रास नाही’ म्हणत नमुन्याची बाटली पर्समध्येच ठेवून देणाऱ्यांना हे कारण कोणी सांगतच नाही. लिस्टेरिया हा पेशींच्या आत दडणारा, फ्रिजमधील अन्नात 4 अंश सेल्सिअसलाही वाढणारा जिवाणू मात्र आवरत्या घेतलेल्या पेशींचाच फायदा उठवतो. आईला अनेकदा जेमतेम कणकण येते, गर्भाच्या मात्र जिवावर बेतते.

– एक वाचक