अण्णा, तुमच्या टिकलीएवढ्या कागदासाठी

अण्णांना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात देणारच आहे. पण त्याआधी चार लोकांत लिहितेय, कारण तुमचे आभार मानायचे राहिले तेही चार लोकांतच राहिले. संक्रांतीनंतर बेळगावात टिळकवाडीत प्रदर्शन होतं. तिथं माझ्या कार्डांच्या टेबलापाशी एक बाई बराच वेळ पतंगाचं कार्ड उलटसुलट करून बघत होत्या. "इतकी बारीक जाळी कशी हो कापलीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मशीन आहे माझ्याकडे." तेवढंच. पाठीमागं तुम्ही, खडे बाजारातले पंचिंगवाले अण्णा, आहात हे सांगितलं नाही. घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना, आणि आज इतक्या दिवसांनी ते दुरुस्त करायला बसलेय.

काय झालं होतं ते वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं मशीन म्हणजे हाताने फिरवायचं, दोन रुळांचं. खाली प्लॅटफॉर्म, त्यावर एक प्लेट, त्यावर कागद, कागदावर धार खाली करून ठेवलेली पातळ पोलादी डाय, म्हणजे कापायचा साचा, वर दुसरी प्लेट. हा सगळा थर रुळांतून गेला की कागद डायच्या आकारात कापून निघतो. उसाच्या रसाच्या चरकासारखं, वीज नको की काही नको. खानापूरकडच्या एका महिला बचत गटानं तिळगुळाच्या पाकिटांवर लावायला 120 कार्डं सांगितली होती, साठ मराठीत, साठ कन्नडमध्ये. डाय जाळीदार पतंगाची, शेपटीला पाच बारीक फुलं. कागद मी गुळेदगुडच्या खणाच्या बुट्ट्यांवरून स्वतः काढलेला, जांभळ्या जमिनीवर पिवळी बुट्टी.

चार फुलं कापली जायची, पाचवं नाही. उजवीकडं खाली, अगदी शेवटचं. कात्रीच्या टोकानं सोडवायला गेलं की पाकळी फाटायची. मी काय केलं, तर दाब वाढवला. प्लेटखाली एक पोस्टकार्ड घातलं, मग दोन. तिसऱ्या वेळी हँडल अडकलं, मी जोर लावला आणि वरची प्लेट मधोमध तडकली. तो आवाज अजून कानात आहे. ऑर्डर द्यायला तीन दिवस होते.

तुमच्या दुकानात मी पूर्वी एकदाच आले होते, नणंदेच्या लग्नपत्रिकेचं पंचिंग, म्हणजे डायनं आकारात कापणं, करायला. खडे बाजाराच्या मागच्या बोळात, बाहेर पाटी नाही, नुसता ट्रेडल छापयंत्राचा ठकठक आवाज. रडवेल्या तोंडानं पिशवीतून मशीन काढून तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही हसला नाहीत. "हे काय खेळणं?" असंही म्हणाला नाहीत. तडकलेली प्लेट चष्म्याजवळ नेऊन उजेडात धरलीत आणि म्हणालात, "अक्का, मशीनला ताकद कमी न्हाई. दाब कुठं कमी पडतोय ती जागा हुडकायला पायजे."

मग तुम्ही डायच्या सपाट पाठीवर कोरा कागद आणि कार्बन ठेवून सगळा थर हळूच रुळांतून काढलात. कागदावर पतंग उमटला. डावीकडं काळाभोर, उजवीकडं खाली जाताजाता फिकट, आणि पाचव्या फुलाच्या जागी नुसती राखाडी सावली. इतके दिवस मी आंधळेपणानं जे दाबत होते ते तुम्ही एका कागदावर डोळ्यांसमोर आणलंत. मायक्रोमीटरनं खालच्या प्लेटचे चारही कोपरे मोजलेत, तर उजवा कोपरा झिजून पातळ झालेला. एकाच जागी तीच डाय ठेवून शेकडो वेळा फिरवली होती ना मी!

त्यानंतरचं तर मी कधीच विसरणार नाही. तुम्ही ड्रॉवरमधून पतंगाचा कागद काढलात, केसाएवढीही जाडी नसलेला. त्यातून बोटाच्या नखाएवढा तुकडा फाडलात. कापला नाहीत, फाडलात. कडा विरळ राहिली की दाबाला पायरी पडत नाही, हे सांगत सांगत. एका कोऱ्या कागदावर पाचव्या फुलाच्या नेमक्या जागी तो खळीनं चिकटवलात, त्यावर आणखी लहान एक, त्यावर टिकलीएवढा एक. तो कागद प्लॅटफॉर्मवर, खालच्या प्लेटच्या तळाशी सरकवलात. त्याच, न तडकलेल्या प्लेटवर नवा कागद, डाय, वर तुमच्याकडचा पत्र्याचा तुकडा, आणि हँडल माझ्या हातात दिलंत. हँडल फिरलं तेसुद्धा हलकं फिरलं. डाय उचलली तर पाचवं फूल आपोआप खाली पडलं.

तुम्ही याला नुसतं 'पॅकिंग' म्हणता. ट्रेडलवर पंचिंग करणाऱ्याचा निम्मा दिवस त्यातच जातो, हे मला त्या दुपारी कळलं. प्लायवूडमध्ये ठोकलेल्या तुमच्या डाया तेव्हाच पहिल्यांदा जवळून पाहिल्या. कापायची पट्टी 23.8 मिलीमीटर उंच, घडीची पट्टी तिच्याहून जरा बुटकी, म्हणजे ती कागद कापत नाही, नुसती दाबते. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना स्पंज, कापलेला कागद पुन्हा वर ढकलायला. माझ्या लहान डायमध्ये कागद अडकून बसतो आणि मी तो टाचणीनं उकरत बसते हे बघून तुम्ही मेणकागदाचा तुकडा मधे घालायला सांगितलात. तेव्हापासून टाचणी लागली नाही.

घडीचं शिकवलंत तेही तितकंच मोलाचं. माझी कार्डं घडीवर तडकायची, रंगीत कागदाच्या आतला पांढरा धागा दिसायचा. मी कागदाला नावं ठेवायची. तुम्ही कालचा 'तरुण भारत' घेतलात, उभा फाडलात तर सरळ फाटला, आडवा फाडलात तर वेडावाकडा. "ग्रेन बघ की अक्का." ग्रेन म्हणजे कागदातल्या धाग्यांची दिशा. घडी ग्रेनच्या दिशेनंच घालायची. आणि क्रीझ, म्हणजे घडीची खोबण, मारल्यावर जी बाजू फुगीर होते ती घडीच्या आत गेली पाहिजे. मी चार वर्षं बरोबर उलटी घडी घालत होते, खोबण दिसते त्या बाजूला दुमडायचं असतं असं समजून. कार्डं करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुमचीही घडी तडकत असेल तर आधी हे दोन बघा, मग जाड, तीनशे जीएसएमच्या कागदाला दोष द्या.

आता शिक्क्याचं. ते नसतं तर माझी फार मोठी नाचक्की झाली असती. मी दोन शिक्के करून घेतले होते. एक 'तिळगूळ घ्या, गोड बोला', दुसरा कन्नड, 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे मातनाडि'. मला कन्नड बोलता येतं, पण अक्षर वाचताना अजून थांबावं लागतं. पिशवीतून तो शिक्का टेबलावर पडला. रबरावर अक्षरं उलटी. तुम्ही उचललात आणि शाई न लावता, एका नजरेत म्हणालात, "ह्यात एळ्ळु न्हाई, एल्लु झालंय." ळ च्या जागी ल! साठ कार्डांवर तो उमटला असता आणि साठ घरांत गेला असता.

मी विचारलं, उलटं कसं वाचलंत? तेव्हा तुम्ही सांगितलंत की पंचिंगच्या आधी पंधरा वर्षं तुम्ही छपाईचे, उलट्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. एका हाताला मराठी खिळ्यांची पेटी, दुसऱ्या हाताला कन्नडची. लग्नपत्रिका, हँडबिलं, जत्रेच्या पावत्या. घरी कन्नड, गल्लीत मराठी, आणि पोटासाठी दोन्ही भाषा उलट्या. हे सांगताना तुमचा अंगठा नकळत हवेतच खिळे सारखे करत होता, ते मी बघितलं.

तुम्ही माझ्याकडून फक्त नव्या प्लेटचे पैसे घेतलेत. उद्यमबागेतून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा तुकडा मापात कापून आणवलात त्याचे 180 रुपये. पॅकिंगचे किती, विचारलं तर म्हणालात, "कागद पतंगाचा हाय, त्याचं काय घ्यायचं?" अण्णा, कागद पतंगाचा होता. पण तो कुठं लावायचा हे कळायला जितकी वर्षं लागली, त्याचे पैसे मी कशातही मोजू शकत नाही. एवढं तुम्हाला मान्य करावंच लागेल.

प्लेट दर वेळी उलटायची आणि फिरवायची हे आता मी पाळते. प्लेटच्या चार कोपऱ्यांना मार्करनं 1, 2, 3, 4 घातलेत. प्रत्येक डायचं पॅकिंग वेगळ्या पाकिटात, वर डायचं नाव. अशी अकरा पाकिटं झालीत.

कधी कधी कोणीतरी विचारतं, मशीननं कापलेलं कार्ड हातानं केलेलं कसं? लंडनमध्ये 1843 साली हेन्री कोल यांनी पहिलं विक्रीचं ख्रिसमस कार्ड काढलं, तेही दगडावर छापून मग हातानं रंगवलेलं होतं. यंत्र आणि हात यांची वाटणी तेव्हापासूनच चालू आहे. माझ्या कार्डात हात कुठं आहे असं आता कोणी विचारलं तर मी ते टिकलीएवढं पॅकिंग काढून दाखवणार आहे, आणि ते पहिल्यांदा कुणी फाडलं तेही सांगणार आहे. टिळकवाडीच्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. त्या हे वाचत असतील तर, बाई, ती जाळी मशीननं नाही, आमच्या अण्णांनी कापली.

सोबत एक कार्ड ठेवलंय. तुम्ही पुढची बाजू बघायच्या आधी उलटं करून पाठीवरून बोट फिरवणार, हे मला माहीत आहे. फिरवा. मधल्या फुलापाशी किंचित दाब जास्त झालाय असं मला वाटतं, एक थर कमी करू का ते सांगा. आत दोन्ही शिक्के मारलेत, नवा कन्नड शिक्का ळ चाच आहे.

शनिवारी दुपारी ट्रेडल बंद असताना येते. नवी डाय आणलीय, हलव्याच्या हाराची, त्यातले मणी पार मोहरीएवढे आहेत.

तुमची,
शहापूरची कार्डवाली अक्का