व्यायामशाळेत रुमाल टाकून जागा अडवण्याविषयी

महोदय,

बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली जुनी सवय आता व्यायामशाळेतही पोहोचली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गोव्यातील फोंडा परिसरातील एका व्यायामशाळेत मी चार वर्षे नियमित जाते. ती दुपारी बंद असते. त्यामुळे कुंडई आणि बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतींतून पाळी संपवून येणारे कामगार, कचेऱ्यांतून सुटलेले कर्मचारी आणि महाविद्यालयीन मुले सायंकाळी सहा ते आठ या दोन तासांतच तेथे जमतात. पावसाळ्यात तर एरवी रस्त्याने चालायला जाणारेही आत येतात. बेंच मात्र दोनच आणि स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारण्याचा, रॅक एकच आहे.

गेल्या आठवड्यात त्यांपैकी एका बेंचवर टॉवेल, पाण्याची बाटली आणि गाडीची चावी असा संसार मांडलेला होता आणि बेंचचे धनी समोरच्या केबल मशीनवर होते. मी विचारले, तेव्हा मोबाईलमधून मान वर न करता ‘आनीक तीन सेट आसात’ (सेट म्हणजे एका दमात केलेली व्यायामाची एक फेरी) एवढेच उत्तर मिळाले. दहा मिनिटांनी पुन्हा विचारले, तेव्हाही तीनच सेट शिल्लक होते. दोन व्यायाम आलटूनपालटून करण्याची सुपरसेटची पद्धत चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण ऐन गर्दीत त्यासाठी दोन साधने एकट्याने अडवून ठेवणे ही शुद्ध अडवणूक आहे.

एक सेट फार तर पाऊण मिनिटात होतो. जड वजन उचलणाऱ्याला त्यानंतर दोन-तीन मिनिटे विश्रांती लागते आणि ती त्याने अवश्य घ्यावी. म्हणजे चार सेटांसाठी बारा मिनिटे बेंच धरला, तर त्यातील नऊ मिनिटे तो रिकामा असतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या एकाचे, आणि वजने जवळपास सारखी असतील तर तिसऱ्याचेही सेट सहज होतात. मात्र मध्ये शिरणाऱ्यानेही काही पथ्ये पाळायला हवीत. समोरचा वजन उचलत असताना विचारू नये, तो रॉड ठेवून उठल्यावर विचारावे. आणि आपला सेट झाला की रॉडवरच्या बदललेल्या प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, त्याच्या वजनाप्रमाणे पुन्हा लावून द्याव्यात. स्क्वॉटच्या रॅकवर उंच आणि ठेंगण्या माणसांची जोडी जमत नाही, कारण दर वेळी रॉड टेकवायचे हूक वरखाली करावे लागतात. तेथे ‘दोन सेट राहिले’ असे प्रामाणिकपणे सांगितले तरी पुरे. केबल मशीनवर तर वजन बदलायला केवळ पिन हलवायची असते, तेथे नकाराला कोणतेच कारण नाही.

दुसरा त्रास प्लेट जागेवर न ठेवण्याचा. एकदा लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलण्याच्या मशीनवर, वीस-वीस किलोच्या आठ प्लेट तशाच टाकून कोणी निघून गेले होते. माझा व्यायाम सुरू होण्यापूर्वीच एकशेसाठ किलो ओझे उतरवणे झाले. वर ट्रेनर म्हणाले, ‘ताई, मला सांगायचं ना!’ प्रश्न माझ्या कष्टांचा नाही. रॅकवरील रॉडच्या एकाच बाजूच्या सर्व प्लेट आधी काढल्या, तर दुसऱ्या बाजूच्या भाराने तो उलटतो आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या पायावर येऊ शकतो. नव्या सभासदांना हे ठाऊक नसते आणि दुसऱ्याचे वजन उतरवण्याची वेळ नेमकी त्यांच्यावर येते.

घामाविषयी तर आपल्या दमट हवेत वेगळे सांगायला नको. रेक्झिनवरचा घाम जून ते सप्टेंबर लवकर वाळतच नाही. नायट्यासारखे त्वचारोग अशा सामायिक वस्तूंवरून पसरू शकतात, त्यामुळे बेंचवर आपला टॉवेल अंथरणे आणि उठताना बेंच पुसणे ही नाजूकपणाची लक्षणे समजू नयेत. काही तरुण मंडळी हसतात, हे मी पाहिले आहे.

माझे काका कोल्हापुरात शिकत असताना तालमीत जात. मुद्गलांची जोडी फिरवून झाली की ती भिंतीशी जागेवर ठेवल्याखेरीज वस्ताद पुढच्या व्यायामाला हात लावू देत नसत, असे ते सांगायचे. आज वस्तादांच्या जागी ट्रेनर आहेत. पण पैसे भरणाऱ्या सभासदाला टोकणे त्यांना अवघड जाते. त्यातून एखाद्या मुलीने धीर करून ‘मध्ये एक सेट घेऊ का?’ असे विचारले, तर आजूबाजूचे तिच्याकडेच रोखून पाहतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ट्रेडमिल सोडत नाही.

म्हणून व्यायामशाळांच्या चालकांना विनंती आहे की, गर्दीच्या वेळी बेंच आणि रॅक आळीपाळीने वापरण्याचा नियम त्यांनी स्वतःच्या नावाने लावावा, म्हणजे तो सांगण्याची पाळी सभासदांवर येणार नाही. आमच्याकडे शुल्काविषयी तीन फलक आहेत, त्यांतील एक नेमका बेंचच्या समोर आहे. त्याच्या शेजारी अजून जागा आहे.

– एक वाचक, फोंडा