नऊपैकी तीनच

महोदय,

तालमीत थंडाई आणि दूध-बदामाचा खुराक घेत वाढलेल्या माझ्यासारख्याला, जिममधील तरुणांच्या बाटलीत विरघळणाऱ्या ‘बीसीएए’ (ब्रँच्ड-चेन अमिनो ॲसिड्स) नावाच्या रंगीत पुडीचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, त्यात बहुधा २:१:१ या प्रमाणात असतात. त्यांपैकी ल्युसिन स्नायूंमध्ये प्रथिनांची बांधणी सुरू करण्याचा संकेत देते, आणि कठोर व्यायामानंतरची अंगदुखी या पुडीने काहीशी कमी होते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तेवढे श्रेय तिला द्यायलाच हवे.

मात्र शरीराला आहारातूनच मिळवावी लागणारी अमिनो आम्ले नऊ आहेत. संकेत मिळाला तरी उरलेली सहा हाताशी नसतील, तर बांधणी पुढे सरकत नाही. गवंडी हजर, पण विटाच नाहीत, असा तो प्रकार होतो. दूध, अंडी आणि व्हे (दुधाच्या निवळीतील) प्रथिनात ही नऊही असतात. डाळ-भातातही धान्यातील लायसिनची उणीव डाळ भरून काढते, आणि डाळीतील मेथिओनिनची उणीव धान्य.

त्यामुळे पुरेशी प्रथिने खाणाऱ्याला या पुडीचा वेगळा लाभ फारसा होत नाही. उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांनी ती घेतलीच, तर डब्यावरील मात्रा पाळावी, परवाना क्रमांक पाहावा आणि मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. प्रशिक्षकाचा सल्ला तिथे पुरत नाही, विशेषतः डबा तोच विकत असेल तर.

– एक व्यायामप्रेमी वाचक, कोल्हापूर