लाँसची बातमी राहून गेली

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचा २०२२-२३ चा हंगाम ३ जून २०२३ ला संपला. आपल्या क्रीडा पानावर बातमी आली ती अशी : पॅरिस सेंट जर्मेनला अकरावं विजेतेपद, मेस्सीचा पॅरिसला निरोप. सोबत मेस्सीचा मोठा फोटो. बातमीत चुकीचं काही नाही. अकरावं विजेतेपद हा फ्रान्समधला विक्रमच आहे, सेंत एतिएन क्लबची दहा विजेतेपदं त्यानं मागं पडली. पण अडतीस फेऱ्यांच्या या हंगामात जे खरं मोठं घडलं त्याचा त्या बातमीत एका ओळीनंही उल्लेख नव्हता. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पॅरिसचे गुण झाले ८५. दुसऱ्या आलेल्या लाँसचे ८४. एका गुणाचा फरक! पॅरिसकडं मेस्सी, नेमार आणि एम्बापे, पाठीशी कतारचा पैसा. लाँसकडं काय होतं? उत्तर फ्रान्समधलं जुन्या कोळसा खाणींचं हे गाव, वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. त्यांच्या बोलार स्टेडियममध्ये माणसं बसतात अडतीस हजार, म्हणजे सगळं गाव येऊन बसलं तरी खुर्च्या उरतील. तरी ते भरतं, कारण आजूबाजूच्या सगळ्या खाणवस्त्यांतून लोक येतात. आमच्या एकट्या कोपरखैरण्यात लाँसपेक्षा कितीतरी जास्त माणसं राहतात.

मी या क्लबकडं वळले ती मुलीमुळं. ती दहावीला आहे, सेक्टरातल्या मुलांबरोबर खेळते, गोली म्हणून उभी राहते. ती एम्बापेची भक्त, त्यामुळं पॅरिसचे सामने आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर चालू असतात. अशाच एका सामन्यात समोर लाँस होता. मध्यंतरानंतर खेळ सुरू होताना अख्खं स्टेडियम गळ्यातले लाल-पिवळे मफलर दोन्ही हातांनी वर ताणून एक गाणं म्हणायला लागलं. मुलीनं शोधून सांगितलं की ते खाण कामगारांच्या घरांचं गाणं आहे, इथं प्रत्येक सामन्यात म्हणतात. खाणी तर कधीच बंद झाल्या, त्या पट्ट्यातली शेवटची १९९० च्या डिसेंबरात. गाणारी निम्मी पोरं त्यानंतर जन्मलेली असतील. पण आजा खाणीत होता हे त्यांना ठाऊक आहे आणि ते त्यांना मोठ्यानं म्हणावंसं वाटतं.

माझे वडील माथाडी होते. पाटण तालुक्यातून मुंबईत आले, आधी मसजिद बंदर, मग बाजार इकडं आल्यावर वाशीचं कांदा-बटाटा मार्केट. पहाटे ट्रक लागायचे, टोळी उतरवायला भिडायची, शंभर शंभर किलोची गोणी पाठीवर. १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांच्या मागं हजारो माणसं उभी राहिली, त्यातून पुढं आम्हाला कोपरखैरण्यात, घणसोलीत घरं मिळाली. मी आज त्याच बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहिते. त्यामुळं लाँसबद्दल वाचायला लागले तेव्हा फार काही समजावून घ्यावं लागलं नाही. तिकडं पोलंडहून माणसं खाणीत उतरायला आली, इकडं पाटण-जावळीहून ओझं उचलायला आली. तिकडं १९०६ साली लाँसजवळच्या कुरिएरच्या खाणीत स्फोट झाला आणि १,०९९ माणसं एका दिवशी गेली. बोलार स्टेडियम १९३० च्या दशकात खाण कंपनीनं कामगारांच्याच हातून बांधून घेतलं, नावही कंपनीतल्या एका वरिष्ठाचं दिलं. लाँसच्या शेजारच्या एका खाणगावात रेमाँ कोपा जन्मले, पोलंडहून आलेल्या कुटुंबातले. पोरवयात खाणीत उतरले, तिथल्या अपघातात हाताला कायमची इजा झाली. पुढं १९५८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब, त्यांनी घेतला, तो मिळवणारे ते पहिले फ्रेंच खेळाडू. कामगार वस्तीतून खेळाडू येतात ते नशिबानं नव्हे, वस्तीत मैदान असतं म्हणून. माझं म्हणणं तेवढंच आहे, आणि या हंगामाचे आकडे माझ्या बाजूनं बोलतात.

लाँसनं यंदा घरच्या मैदानावर एकोणीस सामने खेळले. सतरा जिंकले, एक बरोबरीत, एक गमावला. हरले ते फक्त नीसकडून, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, आणि बरोबरी झाली ती शेजारच्या लीलशी. ८४ पैकी ५२ गुण त्यांनी घरच्या मैदानावर कमावले. पॅरिसची हंगामातली पहिली हारही इथलीच. १ जानेवारीला लाँसनं त्यांना ३-१ नं झोपवलं. विश्वचषक जिंकून मेस्सी अजून परतला नव्हता आणि नेमार निलंबित होता हे खरं, पण एम्बापे होता आणि त्याला त्या दिवशी गोल करू दिला नाही. बचाव तर असा की पूर्ण हंगामात २९ गोल खाल्ले, लीगमधले सगळ्यात कमी. पॅरिसनं ४० खाल्ले. गोली ब्रीस सांबा वर्षातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, प्रशिक्षक फ्रांक एझ सर्वोत्तम प्रशिक्षक. (माझी मुलगी पॅरिसची असली तरी तिच्या कपाटाच्या दारावर आता सांबाचा फोटो आहे.) आक्रमणात लोइस ओपेंदानं २१ गोल केले. मार्चमध्ये क्लेरमाँविरुद्ध तर त्यानं पाच मिनिटांच्या आत तीन गोल मारले. आणि हाच क्लब २०१५ ते २०२० दुसऱ्या श्रेणीत होता.

मग अडलं कुठं? १५ एप्रिलच्या पॅरिसमधल्या सामन्यात. आपल्याकडं मध्यरात्र उलटली होती. पॅरिस सहा गुणांनी पुढं होतं, लाँसनं सामना मारला असता तर फरक तीनवर आला असता. सुरुवात लाँसनं जोरात केली होती. एकोणिसाव्या मिनिटाला त्यांच्या सालिस अब्दुल समदनं पॅरिसच्या हकीमीला धोकादायक पद्धतीनं पाडलं आणि लाल कार्ड निघालं. दहा जणांनिशी त्यांनी थोडा वेळ तग धरला, पण मग नऊ-दहा मिनिटांत एम्बापे, व्हितिन्या, मेस्सी असे तीन गोल झाले. उत्तरार्धात लाँसच्या फ्रांकोव्स्कीनं पेनल्टीवर एक परत केला. ३-१. मुलगी खूश होती, मला झोप लागली नाही. तो सामना नुसता बरोबरीत सुटला असता तरी शेवटी लाँसचे ८५ आणि पॅरिसचे ८३ झाले असते. हिशेब लिहिणाऱ्या बाईला असे आकडे सुटत नाहीत.

नऊ गुणांनी मागं पडल्यावर कुठलाही संघ सैलावला असता. लाँसनं त्यानंतरचे सातच्या सात सामने जिंकले. मोनॅको ३-०, तुलूझ १-०, मार्सेय २-१, मग रेंस, लोरियाँ, अजाक्सियो आणि शेवटी ओसेर. सातातून एकवीस गुण. त्याच काळात पॅरिसला तेराच मिळाले. २७ मेला स्ट्रासबुर्गशी १-१ करून त्यांनी विजेतेपद पक्कं केलं आणि शेवटच्या दिवशी आपल्याच मैदानावर, दोन गोलांची आघाडी घेऊनही, क्लेरमाँकडून ३-२ नं हरले. तोच मेस्सीचा निरोपाचा सामना, ज्याचा फोटो आपण छापलात. त्याच संध्याकाळी लाँस ओसेरमध्ये ३-१ नं जिंकत होता. १९९८ साली लाँसनं त्यांचं एकमेव विजेतेपद पक्कं केलं तेही याच ओसेरच्या मैदानावर, मेत्झशी गुणांची बरोबरी असताना गोलफरकावर. आता हा क्लब वीस वर्षांनंतर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा, खेळणार आहे. एवढं सगळं असताना एक चौकटही आपल्याला देता आली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आपण म्हणाल, कोपरखैरण्याच्या वाचकाला लाँसचं काय? तर त्यासाठी आमच्या सेक्टरातल्या मैदानावर रविवारी सकाळी सहाला या. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांची पोरं एका रेषेत उभी राहतात आणि खाली वाकून, हळूहळू, या गोलपासून त्या गोलपर्यंत चालत जातात. मांडवाचे खिळे वेचतात. प्रत्येकाच्या हातात पाण्याची कापलेली बाटली, ती अर्धी तरी भरते. खिळ्यांबरोबर तारेचे तुकडे, लाल कापडाच्या चिंध्या, मेणबत्तीचे डबे. लग्न, प्रदर्शन, सभा, नवरात्र, पुन्हा प्रदर्शन, असं मैदानाचं वर्ष जातं. मांडव निघतो, बांबूंचे खड्डे तसेच राहतात. पेनल्टीच्या जागेच्या डाव्या हाताला एक खड्डा आहे, पोरं त्यात विटांचे तुकडे आणि माती भरतात, पहिल्या पावसात तो पुन्हा उघडा पडतो. गेल्या वर्षी मुलीच्या संघातल्या एका मुलाचा घोटा त्याच खड्ड्यात मोडला. ज्या कार्यालयातून या मैदानाच्या परवानग्या निघतात तिथं आम्ही आया मिळून अर्ज घेऊन गेलो होतो. अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, पुढं काही झालं नाही.

मोठे सामने या शहरात होत नाहीत असं कुणी म्हणू नये. २०१७ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथंच त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. मुलीला घेऊन मी गेले होते. तिच्याच वयाच्या मुली दिव्यांच्या उजेडात, गालिच्यासारख्या हिरवळीवर खेळत होत्या. ती काही बोलली नाही, फक्त गोलींच्या हातमोज्यांकडं बघत होती. जगभरच्या मुलींसाठी आपण तसं मैदान तयार ठेवू शकतो. मग इथल्या मुलींसाठी निदान खिळे नसलेलं मैदान ठेवायला काय हरकत आहे?

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या प्रत्येक विभागात, एक मैदान असं असावं की जिथं मांडव लागणारच नाही. फुटबॉलसाठीच हवं असंही नाही. आमच्या माथाडी वस्तीत कबड्डीचा मान पहिला आणि तो राहावा, कबड्डी, खो-खो, फुटबॉल सगळ्यांनी वार ठरवून वापरावं. बाकीच्या मैदानांवर कार्यक्रम व्हायचे तर होऊ देत, पण मांडव घालणाऱ्याकडून अनामत रक्कम घ्यावी आणि खड्डे भरून, खिळे उचलून, मैदान पाहून झाल्यावरच ती परत करावी. लग्नाच्या हॉलवाले भांडी मोजून घेतल्याशिवाय अनामत देत नाहीत, मग मैदान का मोजून घेऊ नये?

आणि दुसरी विनंती थेट आपल्याला. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत रविवारी पोरांचे सामने होतात, आयोजक हातानं गुणतक्ते बनवून व्हॉट्सॲपवर फिरवतात. आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत सोमवारी त्यासाठी चार बोटांची जागा द्या. संघाचं नाव, सामने, विजय, गुण, बस. पोरं तो कागद कापून ठेवतील. मैदानाच्या परवानग्या देणाऱ्यांच्या टेबलावरही आपलं वर्तमानपत्र असतं. ज्या मैदानाचं नाव दर सोमवारी छापून येतं, तिथं मांडवाला परवानगी देताना त्यांना दोनदा विचार करावा लागेल.

लाँसचा पुढचा, २०२३-२४ चा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतोय. लीगमध्ये आता वीसऐवजी अठराच संघ असतील, यंदा त्यासाठीच चार संघ खाली गेले. चॅम्पियन्स लीगचे सामने सप्टेंबरपासून. त्यातला एखादा बोलारवर होईल तेव्हा, मेस्सी नसला तरी, त्याची बातमी आपल्या पानावर यावी. गुणतक्त्यासाठी माहिती हवी असेल तर आमच्या सेक्टरातल्या संघांचे निकाल मी स्वतः दर रविवारी संध्याकाळी आपल्या कार्यालयात पाठवायला तयार आहे.

आपली,
एका माथाडी कामगाराची मुलगी,
कोपरखैरणे, नवी मुंबई